स्टँडर्डबाई कुठं राहतात?

सुकदेवनाना गेल्याचं मला दोनदा कळलं. रविवार होता, मी जळगावला घरी होते, मेहरूणला. आई भरताची वांगी भाजत होती, सगळ्या घरात धूर, आणि फोन वाजला. सोनगीरहून, नानांच्या बायकोचा, अक्कांचा. "पोरी, तुना नाना गया वं," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच कानाला धरून बसल्या... मला मागे लोक येत असल्याचे, चपला काढल्याचे, कोणीतरी "कसं काय झालं" विचारल्याचे आवाज ऐकू येत होते. सकाळी चहा घेतला, दाढी केली, खाटेवर टेकले, संपलं. मी अजून तशीच उभी, तेवढ्यात कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या साहेबांचा मेसेज. "आपल्या परिवाराचा आधारवड, अजातशत्रू, सदैव हसतमुख सुकदेव नाना आज आपल्यात नाहीत." खाली पाच पणत्या. त्याखाली सेल्सवाल्यांचे जोडलेले हात, रांगेनं, आणि मधेच एकाचं "अभिनंदन सर!!" साहेबांचं नाव दिसलं की न वाचता अभिनंदन ठोकायची सवय लागलेली त्याला. दहा मिनिटांनी डिलीट केलं. तोवर सहा जणांनी त्यालाही अंगठा दिला होता.

सदैव हसतमुख! मी चार वर्षं नानांसोबत काम केलं, मला ते दोनदा हसलेले आठवतात, दोन्ही वेळा मला. अजातशत्रू! अहो, नरडाण्याच्या एमआयडीसीत ज्यांनी ज्यांनी कधी खोटं माप लिहिलं असेल ते सगळे त्यांचे शत्रू होते, म्हणजे मोजा आता. हे लिहायला घेतलं तेव्हा पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं होतं की छोटंसं, हृद्य असं काहीतरी द्या. छोटं जमलं नाही आणि हृद्य जमणार नाही, कारण महिना होऊन गेला तरी माझा राग उतरलेला नाही. रागासकट वाचा.

आम्ही काय करतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मांडीचं हाड आतून पोकळ असतं, वर रुंद आणि खाली निमुळतं होत जाणारं. खुबा मोडला, झिजला की डॉक्टर त्या हाडाचं वरचं टोक काढतात आणि त्या पोकळीत धातूचा एक दांडा ठोकून घट्ट बसवतात. दांड्याला वर मान, मानेवर गोळा, तो गोळा कमरेच्या खोबणीत फिरतो आणि माणूस परत चालायला लागतो. तो दांडा आमची कंपनी बनवते. ढिला बसला तर आत हलतो आणि आयुष्यभर दुखतो. जाड झाला तर हाड फुटतं. या दोन्हींच्या मधे फार जागा नसते, आणि ती जागा शोधायचं काम माझं. मी डिझाईनला आहे. आहे की होते, ते पुढच्या आठवड्यात कळेल.

पुण्याहून मास्टर्स करून आले होते. एसी केबिन, दोन स्क्रीन, आणि डोक्यात प्रचंड हवा. नाना खाली शॉपमध्ये बसायचे. पदवी नाही, आयटीआय टर्नर. वडील सोनगीरला पितळेची भांडी ठोकायचे, लहानपण सगळं त्या ठणठणाटात गेलेलं. कंपनीतला प्रत्येक दांडा बाहेर जायच्या आधी नानांच्या हातातून जायचा आणि ड्रॉईंगवर 'तपासले' या चौकोनात त्यांची सही असायची. मला ते अजिबात पटलं नव्हतं. मला वाटायचं, सॉफ्टवेअरनं तपासलेलं हा टर्नर काय परत तपासणार? पहिल्याच आठवड्यात मी एक मस्त रंगीत मॉडेल करून त्याचं प्रिंट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, हे हाड कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? स्टँडर्ड आहे."

"स्टँडर्डबाई. बरं. राहतात कुठं? शिरपूरला का दोंडाईच्याला?"

"नाना, हा परदेशी डेटा आहे, हजारो लोकांचा..."

"मग तिकडंच बसवा की. इकडं कशाला आणलं, एसटीनं?"

अख्खं शॉप हसलं. मी केबिनमध्ये जाऊन रडले, आणि मैत्रिणीला मेसेज केला की इथे एक म्हातारा आहे, अडाणी आहे, फार माजलाय. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे.

नानांचं म्हणणं साधं होतं. परदेशी कॅटलॉगातला दांडा घ्यायचा, स्क्रीनवर थोडा आकसवायचा आणि 'आपल्या लोकांसाठी' म्हणून विकायचा, हा धंदा आमच्यासकट सगळे करत होते. नाना म्हणायचे, सासऱ्याचा सदरा गरम पाण्यात आटला म्हणून नातवाला होतो का? गळा कुठं जातो, बाह्या कुठं जातात, बघा एकदा. हाडाचंही तसंच. त्यांनी जी हाडं पाहिली होती त्यात, विशेषतः शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या, आतली नळी बारीक असायची पण वरची मान तेवढी आखूड नसायची. सगळाच दांडा सारखा आकसवला की खाली नळीत बसतो, वर मात्र मान आखूड पडते. मग पाय आखूड. मग बाई लंगडते आणि घरचे म्हणतात, ऑपरेशन करून काय उपयोग झाला.

आणि त्यांनी हाडं पाहिली कुठे? लग्नात! आपल्याकडे एक्सरे कोणी टाकून देत नाही हे तुम्हाला माहितीच आहे. दाराआडच्या खिळ्याला पिशवीत लटकलेला असतो, ग्रहण आलं की सगळी गल्ली त्यातून सूर्य बघते. नाना कुठल्याही लग्नाला गेले की पंगत उठल्यावर एखादी लंगडणारी आजी गाठायचे. एकदा शिंदखेड्याकडच्या लग्नात मला मोटरसायकलवर मागे बसवून नेलं होतं, वरणबट्टी खाऊन मी सुस्तावलेले आणि यांचं सुरू. "आजी, पाय कधी मोडला?" आजी म्हणाली, "तुला काय करायचंय रे? हाडवैद्य शे का तू?" नाना म्हणाले, "नाही, भांडीवाला." आजी इतकी हसली की नातसुनेला पाठवून साडीच्या बॉक्समधून एक्सरे आणवला. नानांनी तो खिडकीच्या काचेवर धरला, ट्रेसिंग पेपर ठेवला, पेन्सिलनं हाड उतरवून घेतलं. कोपऱ्यात नाव, गाव, आणि खाली 'शेतात बसून निंदते, जिना चढत नाही.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवरदेवाकडची पोरं बघत होती, आणि मी एका म्हाताऱ्यासोबत लग्नात हाडं गिरवतेय.

आता ती गोष्ट जी मला लिहायची नव्हती... पण ती टाळली तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

एक्सरे म्हणजे सावली. हात भिंतीला टेकवला की सावली हाताएवढी, दिव्याकडे नेला की मोठी. हाड फिल्मपासून थोडं वर असतं, म्हणून एक्सरेत ते खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. किती मोठं, हे कळायला मांडीशेजारी, हाडाच्याच उंचीवर एक नाणं ठेवायचं. नाण्याचं खरं माप आपल्याला माहीत, फिल्मवरचं मोजायचं, की हाडाचं खरं माप निघतं. आम्ही सगळ्या हॉस्पिटलांना तशी सूचना दिली होती. एक्सरे येत होते, नाणी दिसत होती, मी मापं काढत होते, आणि त्या मापांवर माझं मॉडेल उभं होतं. नाना अधूनमधून म्हणायचे, "मॅडम, तुमच्या बायका फार जाडजूड निघतात हो. माझ्या लग्नातल्या बारीक आणि तुमच्या पैलवान?" मी म्हणायचे, नाना, तुमच्या लग्नातल्या एक्सरेंवर नाणंच नाही, तुम्ही सावलीचं माप अंदाजपंचे कमी करता.

धुळ्यातलं एक हॉस्पिटल, नाव नको. पेशंट कलाबाई, अमळनेरकडच्या, पडून खुबा मोडलेला. साईज मी काढली होती. ऑपरेशनला कंपनीचे लोक हत्यारं द्यायला आत असतात, तशी मी आणि नाना भिंतीला लागून उभे. दांडा बसवायच्या आधी त्याच आकाराच्या कानशीसारख्या हत्यारानं पोकळी घासतात, आधी लहान, मग मोठं, मग अजून मोठं, आणि प्रत्येक वेळी हातोडीनं ठोकतात. सुरुवातीला आवाज पोकळ येतो. घट्ट बसलं की भरीव होतो, वर चढतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. नाना त्या आवाजात वाढले होते. एका हत्यारावर ते एकदम म्हणाले, "साहेब, बसलं. आवाज बदलला." डॉक्टर थांबले. म्हणाले, "नाना, मॅडमचं माप अजून एक साईज सांगतंय," आणि माझ्याकडे बघितलं. मास्कमध्ये फक्त डोळे दिसतात ना, तसे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे... आणि मी म्हणाले, "हो सर, एक साईज जाईल."

तिसऱ्या ठोक्याला हाड फुटलं. आवाज अगदी बारीक आला, वाळलेली काडी मोडावी तसा. डॉक्टरांनी तारेनं हाड आवळलं, लहान दांडा घातला, निभावून नेलं. पण कलाबाईंनी आठवड्यात चालायचं ते अडीच महिने खाटेवर गेले.

नाना बाहेर पडले. सरळ एक्सरेच्या खोलीत गेले, मी मागे. तिथला टेक्निशियन चांगला माणूस, आम्हाला चहा मागवायला निघाला. नाना म्हणाले, "चहा राहू दे. नाणं कुठं ठेवतोस?"

"गादीखाली."

"गादीखाली?"

"नाना, मांडीपाशी कसं ठेवणार? बायका लाजतात. एक तर उठून घरी चालली होती. आणि खोटं कशाला बोलू, मी पण लाजतो. गादीखाली सरकवतो, फोटोत तर येतं ना?"

येत होतं की, तिथंही आणि नंतर विचारलं तेव्हा बाकीच्या हॉस्पिटलांतही. नाणं फिल्मला चिकटलेलं, म्हणून त्याची सावली त्याच्याएवढीच. त्यावरून मी मानत गेले की सावली मोठी होतच नाहीये, आणि सगळ्या बायकांची हाडं मी खऱ्यापेक्षा जाड धरत गेले. एसीत बसून, दोन स्क्रीनवर, तीन दशांशांपर्यंत. बाहेर येऊन नाना एवढंच म्हणाले, "तू विचारलं नाही. मी पण विचारलं नाही. दोन गाढवं." त्या दिवसापासून मॅडम गेलं, 'तू' आलं.

इथवर चूक होती. चूक माणसाकडून होते. यापुढचं जे झालं त्याला मी चूक म्हणत नाही. साहेबांनी रिपोर्ट तयार करवला: 'रुग्णाचे हाड ठिसूळ असल्याने.' एका ओळीत आम्ही सगळे सुटलो आणि कलाबाई दोषी ठरल्या. नानांना सही करायला वर बोलावलं. मी तिथेच होते.

"ठिसूळ कोणी सांगितलं?" नानांनी विचारलं.

"नाना, वय बघा ना पेशंटचं."

"माझं पण वय झालंय. मला ठोकून बघा."

"तुम्ही इमोशनल होताय. कागद आहे फक्त."

"कागदच असतो साहेब. पंचनामाही कागदच असतो. हाई काय शे? नाणं गादीखाली होतं ते लिहा, पोरीनं आणि मी पाहिलं नाही ते लिहा. मग करतो."

केली नाही. उठून गेले. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुझं करिअर आहे," म्हणाले, अगदी मायेनं, बापासारखं. आणि मी सही केली. हो. इतकी वाक्यं इतरांना नावं ठेवण्यात घालवली, तर यातलं एक माझंही.

नानांना कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी म्हणाले, चल, अमळनेरला जायचंय. कलाबाई ओट्यावर खाटेवर, पाय उशीवर, सुनेला शेंगा सोलायच्या सूचना देत होत्या. कोणीतरी त्यांना तो ठिसूळ शब्द सांगितलेला. "काय गं बाई," मला म्हणाल्या, "तुमच्या कंपनीनं माझ्या हाडाला नावं ठेवली म्हणे? याच हाडावर डोक्यावर हंडे वाहिले. दिवसभर वाकून कापूस वेचला, संध्याकाळी पाठीवर गाठोडं. तेव्हा नाही फुटलं ते. तुमच्याच हातून कसं फुटलं?" नानांनी मला वाचवलं नाही. त्यांनी शेंगा सोलायला घेतल्या. परत येताना म्हटलं, "तुम्ही मुद्दाम नेलं." म्हणाले, "मग? स्टँडर्डबाईला भेटायचं होतं ना तुला."

त्यानंतर आम्ही खरं काम केलं. अक्कांनी जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला, त्याला छोटा खिसा, खिशात बेअरिंगमधला स्टीलचा छर्रा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, खुब्यापाशी, एक हाड हाताला लागतं, कपड्यावरूनही लागतं. बाईनं पडद्याआड जाऊन स्वतःच पट्टा बांधायचा, छर्रा त्या उंचवट्यावर. कोणी कोणाला हात लावायचा नाही, कोणी लाजायचं नाही, आणि छर्रा बरोबर हाडाच्या उंचीवर. पहिला पट्टा अक्कांनाच बांधून बघितला. त्या म्हणाल्या, "लग्नात कधी कमरपट्टा केला नाही मला, आता करताय!" खरी मापं यायला लागली तेव्हा बायका पैलवान नव्हत्या. लग्नातल्या एक्सरेंसारख्याच होत्या. वर्षभर आम्ही नवी ड्रॉईंगं काढली, खालची नळी बारीक, मान मात्र जिथल्या तिथं, प्रत्येक साईजला वेगळी. नाना रोज एसी केबिनमध्ये येऊन बसायचे, थंडी वाजते म्हणून उपरणं कानाला गुंडाळून. आणि वर्षानं साहेब म्हणाले, "छान आहे. पण नवे साचे लागतील सगळे. मार्केट कुठंय याला?" फाईल कपाटात. नाना निवृत्त झाले, आणि चार महिन्यांत गेले.

आता शोकसभा ऐका. कंपनीच्या गेटवर फ्लेक्स, नानांचा फोटो, त्याला हार. फोटोत नाना हसत होते! मी जवळ जाऊन पाहिलं. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर ओठांचे कोपरे वर ओढले होते. 'सदैव हसतमुख' लिहून दिलं होतं ना, मग फोटो त्याला मॅच करायला नको? अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्या फोटोकडे बघत होत्या आणि मला हळूच म्हणाल्या, "हाऊ कोन शे वं?" भाषणं झाली. ज्या सेल्सवाल्याला नानांनी एकदा अख्ख्या शॉपसमोर "बठ्ठा कचरा शे" म्हणून कॅटलॉग परत दिला होता, त्याचा गळा सगळ्यात जास्त दाटून आला. आणि शेवटी साहेब उठले आणि म्हणाले की नानांचं स्वप्न आम्ही पूर्ण करतोय, आपल्या खान्देशच्या माय-माउलींसाठी खास बारीक दांडा, आणि त्याचं नाव 'सुकदेव स्लिम'. टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवल्या लोकांनी! मी पण वाजवल्या. मला वाटलं, आमची फाईल कपाटातून निघाली.

मंगळवारी ड्रॉईंग टेबलावर आलं. आमचं नव्हतं. तोच परदेशी दांडा, तसाच आकसवलेला. जुन्या साच्यांवर भागणारा. मान आखूड. खाली उजव्या कोपऱ्यात तीन चौकोन. 'काढले' समोर माझं नाव टाईप केलेलं, सहीला जागा. 'मंजूर' समोर साहेबांचं. आणि 'तपासले' समोर, टाईप करून, नानांचं पूर्ण नाव. पुढे कंसात 'स्मरणार्थ'.

मी वर गेले. "साहेब, नानांनी हे तपासलेलं नाही."

"अगं, श्रद्धांजली आहे ती. लोक रस्त्याला नाव देतात, चौकाला देतात..."

"चौक कोणाच्या मांडीत ठोकत नाहीत."

"भावना समजतो मी तुझ्या. दोन दिवस घे. पण सही लागेल, पुढच्या महिन्यात लाँच आहे. आधी केलीस ना मोठ्या मनानं?"

आधी केलीस ना. ते वाक्य घेऊन मी नरडाण्याहून निघाले, आणि धुळ्याच्या माझ्या खोलीवर न जाता सोनगीरला उतरले. खरं सांगते, नाही म्हणायचं बळ मला एकटीला नव्हतं. आईला फोन केला असता तर ती म्हणाली असती, कर बाई सही, बाकीचे करतातच ना. अक्कांनी पाणी दिलं, कळण्याची भाकर आणि ठेचा पुढे ठेवला, मग विचारलं काय झालं. मी सगळं सांगितलं, ठिसूळच्या सहीसकट. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमना साहेब येल व्हता आठे. दिवाळीले. मिठाई लई येल व्हता." नानांनी मिठाई खाल्ली नाही, शेजारच्या पोरांना वाटली. डब्यात कागद होता म्हणे, तेवढा ठेवून घेतला. साहेब पुन्हा फोन करत राहिले कागदासाठी, नानांनी उचलला नाही.

अक्कांनी फळीवरून डबा काढला. कागदाला तुपाचे डाग पडले होते. तेच ड्रॉईंग. तेच! दिवाळीतच साहेबांनी नानांकडे नेऊन दिलं होतं, सहीसाठी. आणि नानांनी ते तपासलं होतं. लाल पेन्सिलनं एकेक माप खोडून शेजारी खरं लिहिलेलं, एकही न सोडता. मानेशी बाण काढून 'आखूड'. 'तपासले' समोर सही. 'मंजूर' च्या चौकोनात साहेबांची जागा होती, तिथे नानांनीच लिहिलं होतं: 'नाही. कलाबाई लंगडेल.'

मी अक्कांना विचारलं, फोटो काढू का, सगळ्यांना दाखवू का? त्यांनी पदरानं कागद पुसला आणि उजेडाकडे धरला, नीट, सरळ, जसा मुलगी दाखवायला फोटो धरतात तसा. मी काढला. आणि तिथेच ओट्यावर बसून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: नानांनी हे ड्रॉईंग जिवंतपणी तपासलं होतं. मी यावर सही करणार नाही. आधीच्या एका रिपोर्टवर मी खोटी सही केली होती, कलाबाईंचं हाड ठिसूळ नव्हतं, माझं माप चुकलं होतं. पाठव घाईत दाबलं, दोनदा गेलं.

निळ्या खुणा येत गेल्या. चाळीस माणसं आणि एकाचाही अंगठा नाही. मग साहेबांचा फोन, "डिलीट कर, आत्ताच्या आत्ता," नाही म्हटलं. मग मला ग्रुपमधून काढलं. मग नोटीस आली, तिचं उत्तर मी लिहितेय, आणि एक पत्र कलाबाईंनाही, ते जास्त अवघड जातंय. ज्या धुळ्याच्या डॉक्टरांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं होतं, त्यांचा मेसेज आला: "तुमची दुसरी फाईल, मान वेगळी ठेवलेली, ती बघायला मिळेल का?" एवढाच. मी अजून त्यावर उड्या मारत नाहीये. थोड्या मारल्या.

शॉपमधले लोक फोन करतात, म्हणून पुढचं कळतं. साहेबांनी नानांचं नाव त्या ड्रॉईंगवरून काढून टाकलं. माझंही. माझ्या जागी एक नवा मुलगा सही करून मोकळा झाला, त्याला दोष देत नाही, मला माहितीये तो कागद कसा सरकवतात. पण 'तपासले' समोर कोणाचीतरी सही लागते, त्याशिवाय साचा मशिनवर चढत नाही. पहिल्यांदा शॉपच्या सुपरवायझरला दिलं, तो म्हणाला चष्मा घरी राहिला. दुसरा रजेवर गेला. परवा साहेब स्वतः खाली उतरले, नानांच्या टेबलावर बसणाऱ्या धनराजभाऊंसमोर ड्रॉईंग ठेवलं, पेन उघडून हातात दिलं. धनराजभाऊंनी कागद खालपासून वरपर्यंत वाचला, पेनाला टोपण लावलं, आणि म्हणाले, "साहेब, तपासेल शे ना हे. नानानी."

कागद तिथेच, त्या टेबलावर आहे म्हणतात. पंख्यानं उडू नये म्हणून कोणीतरी त्यावर एक दांडा ठेवलाय. चौकोन अजून रिकामा आहे.